वेदोक्त, वृत्तपत्रे आणि शाहू छत्रपती

६ मे २०२२ रोजी सकाळी दहा वाजता कोल्हापूर शहर शंभर सेकंद स्तब्ध उभे राहिले. राजर्षी शाहू छत्रपतींच्या निधनाला त्या दिवशी शंभर वर्षे पूर्ण झाली होती. वाहने जागच्या जागी थांबली, दुकानदार दारात येऊन उभे राहिले, कचेऱ्यांतील कामकाज थांबले. त्यानंतर तेराच महिन्यांनी, ७ जून २०२३ रोजी, याच शहराच्या शिवाजी चौकात जमाव जमला, दगडफेक झाली, लाठ्या चालल्या, अश्रुधूर सोडावा लागला. निमित्त होते काही तरुणांनी आपल्या मोबाईलवर लावलेल्या, औरंगजेब आणि टिपू सुलतान यांच्याशी संबंधित चित्रांचे व मजकुराचे. त्या तरुणांना ओळखणारी माणसे शहरात मूठभरही नसतील; पण तो मजकूर हातोहाती पुढे गेला आणि अवघ्या एका दिवसात शहर पेटले. शेवटी सरकारला इंटरनेट बंद करावे लागले.

शाहूंच्या नगरीत असे घडलेच कसे, हा प्रश्न त्यानंतर अनेकांनी विचारला. प्रश्न कळकळीचा होता. परंतु त्यात एक गृहीत दडलेले होते, ते असे की शाहूंच्या काळी ही नगरी अशा वावटळींपासून अलिप्त होती. इतिहास तसे सांगत नाही. धर्माच्या नावाने उठलेल्या आणि छापील कागदाने गावोगाव पसरवलेल्या एका मोठ्या वादळाचे केंद्र हेच शहर होते, आणि त्या वादळाच्या मध्यभागी स्वतः शाहू छत्रपती उभे होते. त्यांचे चरित्र आपण वसतिगृहे, राखीव जागा, राधानगरीचे धरण, कुस्तीचे खासबाग मैदान अशा क्रमाने वाचतो. वृत्तपत्रांच्या अंगाने ते क्वचितच वाचले जाते. तसे ते एकदा वाचून पाहण्यासारखे आहे.

किंबहुना ज्या गादीवर ते बसले तिचा इतिहासही वृत्तपत्राच्या एका प्रकरणाशी निगडित आहे. शाहूंच्या आधी कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज होते. ते वेडे झाले आहेत असे इंग्रज अधिकारी सांगत आणि संस्थानचा कारभार राव बहादूर माधवराव बर्वे पाहत. तरुण राजाचा छळ होत आहे अशी वदंता पुण्यात पसरली. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे निघून जेमतेम वर्ष झाले होते. टिळक आणि आगरकर या दोघा तरुण संपादकांनी राजाची बाजू हिरिरीने घेतली आणि बर्व्यांवर गंभीर आरोप करणारा मजकूर छापला. त्याला आधार होता काही पत्रांचा. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली, आणि ती पत्रे बनावट असल्याचे न्यायालयात उघड झाले. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी जुलै १८८२ मध्ये त्यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. सूट मिळून ते डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस राहिले. सुटून आले तेव्हा लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले, आणि ते योग्यच होते, कारण त्यांची तळमळ खरी होती. पण तळमळ खरी असली म्हणजे हाती आलेला कागद खरा ठरत नाही, हा धडा त्या प्रकरणात होता, आणि सत्काराच्या गजरात तो मागे पडला. बिचाऱ्या राजाचा पुढल्याच वर्षी, डिसेंबर १८८३ मध्ये, अहमदनगरच्या किल्ल्यात अंत झाला. ‘केसरी’ने कोल्हापूरच्या छत्रपतींसाठी तुरुंगवास सोसला होता, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढे वीस वर्षांनी हेच पत्र आणि हीच गादी समोरासमोर उभी राहणार होती.

रिकाम्या झालेल्या गादीवर १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यातील नऊ वर्षांचा यशवंतराव दत्तक आला आणि शाहू झाला. त्याचे शिक्षण राजकोटच्या राजकुमार महाविद्यालयात आणि नंतर धारवाडला फ्रेझर या इंग्रज शिक्षकाच्या हाताखाली झाले. २ एप्रिल १८९४ रोजी वयाच्या विसाव्या वर्षी त्याच्याकडे राज्यकारभाराची पूर्ण सूत्रे आली. पैलवानी बांध्याचा, शिकारीचा शौकीन, रयतेत मिसळणारा आणि रांगड्या बोलीत बोलणारा हा राजा प्रारंभी कोणालाच फारसा धोक्याचा वाटला नसावा. त्याने मात्र कारभार हाती घेताच दरबारातील माणसे मोजली. सर्वसाधारण प्रशासनातील ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. ज्या संस्थानात बहुसंख्य रयत मराठा, कुणबी, धनगर, महार, जैन, लिंगायत आणि मुसलमान होती, तेथले हे प्रमाण होते. ही गोष्ट कोणत्या वर्तमानपत्राने मोठ्या अक्षरांत छापावी अशी नव्हती, कारण ती सर्वांच्या अंगवळणी पडलेली होती.

वादाचे निमित्त झाले ते निराळेच. १८९९ च्या सुमारास कार्तिक महिन्यात महाराज पहाटे पंचगंगेवर स्नानास जात. स्नानाच्या वेळी उपाध्याय मंत्र म्हणे. तो वेदोक्त मंत्र न म्हणता पुराणोक्त मंत्र म्हणत असल्याचे एके दिवशी ध्यानात आणून दिले गेले. संस्कृतचे पंडित राजारामशास्त्री भागवत त्या वेळी तेथे हजर होते असे सांगितले जाते. आजच्या वाचकाला हा भेद समजावून सांगावा लागेल. द्विजांसाठी वेदांतील मंत्र आणि शूद्रांसाठी पुराणांतील मंत्र अशी त्या काळच्या धर्मशास्त्र्यांची विभागणी होती. म्हणजे शिवछत्रपतींच्या गादीवर बसलेल्या पुरुषाला त्याचाच पगारी उपाध्याय रोज पहाटे शूद्र ठरवीत होता, आणि तेही नदीत स्वतः न उतरता. ज्या घराण्यातील मूळ पुरुषाला १६७४ साली गागाभट्टाने वेदमंत्रांनी अभिषेक केला, त्या घराण्याचा हा वंशज. महाराजांनी उपाध्यायाला विचारले, राजोपाध्यांकडे मागणी केली, ती नाकारली गेली. त्यांनी पुन्हा समजावून पाहिले, शास्त्राधार काढावयास सांगितले, समिती नेमली. म्हणजे जवळजवळ दोन वर्षे हा राजा आणि त्याचा कुलोपाध्याय यांच्यातील घरचा तंटा होता, आणि तो घरातच मिटावा अशी महाराजांचीही इच्छा दिसते. १९०१ साली नारायणशास्त्री सेवेकरी यांनी राजवाड्यातील श्रावणी वेदोक्त पद्धतीने केली, आणि वाट मोकळी होईल असे वाटू लागले.

त्यानंतर ही गोष्ट छापखान्यात गेली. १९०१ च्या ऑक्टोबरात ‘केसरी’त वेदोक्तावर लेख आले. वेदमंत्रांनी संस्कार झाल्याने कोणाची योग्यता वाढते ही समजूत भ्रामक आहे आणि तिच्यापायी समाजात दुही माजवणे शहाणपणाचे नाही, असा त्या लिखाणाचा एकूण रोख होता. तर्क म्हणून तो अगदीच टाकाऊ नव्हता. मंत्र कोणताही म्हटला तरी पंचगंगेचे पाणी तेच, असे एखादा तटस्थ माणूस म्हणू शकला असता. पण मंत्रात काही विशेष नसेल, तर तो म्हणण्यास उपाध्यायाने नकार का द्यावा, हा उलट प्रश्न तितक्याच जोराने विचारला गेला नाही. मानाची किंमत शून्य आहे असे तो मान ज्याच्यापाशी वंशपरंपरेने आहे त्याने सांगणे सोपे असते. लोकमान्यांच्या थोरवीला उणेपणा न आणता इतके म्हणावयास हरकत नसावी.

खरी गोष्ट तर लेखातील युक्तिवादापेक्षा वेगळी होती. त्या काळी महाराष्ट्रात शंभरांत दहा माणसांनाही लिहिता-वाचता येत नव्हते, आणि ज्यांना येत होते त्यांत ब्राह्मणांचे प्रमाण मोठे होते. पत्रे चालवणारे बहुतेक त्यांच्यातले, विकत घेणारेही बहुतेक त्यांच्यातलेच. अशा स्थितीत पुण्याहून निघालेला अंक साताऱ्यास, सोलापुरास, नागपुरास पोहोचे, तेथे वाड्याच्या ओसरीवर, चावडीवर किंवा वाचनालयात मोठ्याने वाचला जाई, आणि ज्याने कोल्हापूर उभ्या आयुष्यात पाहिले नव्हते अशा वकिलाला किंवा मास्तराला एका दिवसात वेदोक्तावर मत असणे भाग पडे. त्याला पंचगंगेच्या घाटावर नेमके काय घडले हे ठाऊक नसे. त्याला एवढेच कळे की आपले आणि त्यांचे असे दोन पक्ष आहेत. दुसरीकडे मराठा समाजातील जो थोडा वर्ग शिकलेला होता, त्याने तेच अंक वाचले आणि आपल्या राजाचा, पर्यायाने आपला, अपमान होत आहे असा अर्थ घेतला. एका उपाध्यायाचा नकार साऱ्या जातीचा नकार ठरला, एका राजाचा आग्रह साऱ्या जातीचा आग्रह ठरला. हे काम कोणा शास्त्र्याने केले नाही. शाईने केले.

आणखी एक बाजू वाचकापुढे क्वचितच मांडली जाते. त्याच १९०१ साली टिळक आणि शाहू महाराज एका खाजगी वादातही गुंतलेले होते. पुण्याचे सरदार बाबा महाराज यांच्या इस्टेटीचे टिळक हे एक विश्वस्त. बाबा महाराजांची विधवा ताई महाराज हिने दत्तक कोणाचा मुलगा घ्यावा यावर वाद उभा राहिला. विश्वस्तांनी औरंगाबादेस जगन्नाथ हा मुलगा दत्तक झाल्याचे सांगितले. ताई महाराजांनी ऑगस्टमध्ये कोल्हापुरात बाळा महाराज यास दत्तक घेतले, आणि या दुसऱ्या दत्तकाच्या पाठीशी कोल्हापूर दरबार होता. हे प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन १९१५ साली टिळकांच्या बाजूने निकालात निघाले, आणि त्यात टिळकांना जो मनस्ताप सोसावा लागला तो अन्यायाचा होता. वेदोक्ताविषयीचे त्यांचे मत या खटल्यातून जन्मले असे म्हणणे क्षुद्रपणाचे होईल. परंतु लिहिणारा आणि ज्याच्याविषयी लिहिले जाते तो, यांच्यात असे काही चालू असताना शब्दांना जी धार येते ती केवळ शास्त्रचर्चेची नसते. अंक वाचणाऱ्या दूरगावच्या मास्तराला ही धार कुठून आली ते कळण्याचा मार्ग नव्हता.

छापून आलेल्या भांडणाचा एक गुण असा की त्यातून कोणालाच मुकाट्याने मागे फिरता येत नाही. राजोपाध्यांनी एखाद्या सकाळी नमते घेतले असते तर ते वाड्याबाहेर कोणाला कळले नसते. आता ते साऱ्या महाराष्ट्राला कळले असते, आणि आपल्या ज्ञातीत त्यांना तोंड दाखवणे कठीण झाले असते. महाराजांचेही तेच. दोन वर्षे संयमाने वागलेला राजा आता मागे सरता तर दुबळा ठरता. मे १९०२ मध्ये त्यांनी राजोपाध्यांची इनामे जप्त केली. त्यावर वृत्तपत्रांतून हलकल्लोळ उडाला. राजोपाध्यांनी रेसिडेन्सीकडे, मुंबई सरकारकडे, थेट व्हाइसरॉयपर्यंत दाद मागितली, ती कोठेही लागली नाही. करवीरच्या शंकराचार्य मठाचेही प्रकरण याच सुमारास उद्भवले. मठाधिपतींनी दरबाराला न विचारता शिष्य नेमला म्हणून मठाचे उत्पन्न जप्त झाले, आणि अखेर १९०५ साली छत्रपतींचा वेदोक्ताचा अधिकार मान्य करण्यात आला. कागदावर वाद मिटला. मनांतला तो मिटावयास किती पिढ्या लागल्या, हे कोल्हापूर-साताऱ्याकडच्या ज्येष्ठांना सांगावयास नको. आमच्या शालेय पुस्तकांत वेदोक्त प्रकरणास एक परिच्छेद मिळतो, आणि वर्गात तो शिकवताना शिक्षक मुलांच्या आडनावांकडे न पाहण्याचा प्रयत्न करतो, हा अनुभव अनेकांचा असेल.

येथे महाराजांच्या स्वभावातील एक विशेष दिसतो. वृत्तपत्रे मंत्रांवर रकाने भरत असताना त्यांनी स्वतः या वादाचा अर्थ निराळा लावला. पहाटेच्या मंत्रात जे घडते तेच दिवसभर कचेरीत घडते, हे त्यांच्या ध्यानात आले. ज्याच्या हाती पोथी त्याच्या हाती दौत, आणि ज्याच्या हाती दौत त्याच्या हाती सत्ता. १९०२ च्या उन्हाळ्यात ते सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडास गेले होते. तेथे असतानाच त्यांच्या सरकारने २६ जुलै १९०२ रोजी ‘करवीर सरकारचे गॅझेट’ या सरकारी पत्रात एक लहानसा हुकूम प्रसिद्ध केला. यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांच्या उमेदवारांतून भरल्या जाव्यात, आणि प्रत्येक खात्याने आपल्याकडील प्रमाण दरबारास कळवीत जावे. वेदांचा त्यात उल्लेख नव्हता. कोणावर टीका नव्हती. गॅझेटची भाषा कचेरीची, रुक्ष, वाचकाला डोलायला लावणारी नव्हे. पण ‘केसरी’च्या त्या भरदार लेखांपेक्षा या ओळींनी किती घरांचे दैव बदलले, याचा हिशेब आज गावोगावचा शिक्षक, तलाठी आणि कारकून स्वतःच्या घराकडे पाहून करू शकतो.

या हुकुमाला उपयोग व्हावा तर शिकलेली माणसे हवीत. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग निघाली, १९०६ साली मुसलमानांसाठी बोर्डिंग, मग लिंगायत, अस्पृश्य, शिंपी, सोनार, अशी एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली. मुस्लिम बोर्डिंगचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले होते. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला गेला. हे सारे सर्वश्रुत आहे. येथे त्याचा उल्लेख एवढ्यासाठीच केला की सक्तीच्या शिक्षणातून वाचक निर्माण होतो, आणि वाचक निर्माण झाल्यावर त्याच्या हाती कोणते पत्र पडणार हा प्रश्न आपोआप पुढे येतो.

तो प्रश्न महाराजांनी ओळखला, परंतु उशिरा, आणि काही वर्षे चुकीच्या वाटेने जाऊन. मधल्या काळात त्यांचा भर इंग्रज सत्तेवर होता. १९०८ साली कोल्हापुरातून निघणाऱ्या ‘विश्ववृत्त’ मासिकात पंडित सातवळेकरांचा वैदिक प्रार्थनेवरील लेख आला, तो राजद्रोही ठरला, आणि प्राध्यापक विजापूरकर व वामन मल्हार जोशी यांच्यासारख्या माणसांना तुरुंगात जावे लागले. वेदांवरचा लेख राजद्रोह ठरावा, आणि तोही वेदोक्ताच्या शहरात, हा योग विलक्षणच म्हणावयाचा. शाहूंच्या चाहत्यांना या पर्वावर बोलणे अवघड जाते. विजापूरकरांचे राष्ट्रीय शिक्षणाचे कार्य मोठे होते, ‘ग्रंथमाला’सारखे मासिक त्यांनी याच गावातून चालवले होते. संस्थानिकाच्या मर्यादा, रेसिडेन्सीचा दाब, राष्ट्रीय पक्षाकडून होणारा अखंड मारा, ही सारी कारणे मान्य करूनही असे वाटते की सरकारी दंडुक्याने लेखणीशी लढता येते हा भ्रम त्या वर्षांत महाराजांनाही होता. तो पुढे ओसरला.

१९१० नंतर महाराष्ट्रात एक नवी गोष्ट घडू लागली. कृष्णराव भालेकरांच्या ‘दीनबंधू’ची परंपरा सांगणारी पत्रे पुन्हा निघू लागली. अहमदनगर जिल्ह्यातील खेड्यातून मुकुंदराव पाटलांचे ‘दीनमित्र’, बडोद्याहून भगवंतराव पाळेकरांची ‘जागृति’, पुण्याहून वालचंद कोठारींचे ‘जागरूक’ आणि १९१९ पासून श्रीपतराव शिंद्यांचा ‘विजयी मराठा’, बेळगावहून ‘राष्ट्रवीर’. यांपैकी कित्येक पत्रांना कोल्हापूरचा हात होता. कोणाला रोख रक्कम, कोणाला कागदाची सोय, कोणाला वर्गणीदार. सत्यशोधक समाजाचे काम कोल्हापुरात १९११ पासून भास्करराव जाधवांच्या पुढाकाराने जोरात सुरू झाले होते, त्याचीही या पत्रांना साथ होती. या पत्रांनी पहिल्यांदा शेतकऱ्याचे कर्ज, गावच्या भटजीची दक्षिणा, शाळेतील मागचा बाक या गोष्टी छापल्या. छापून आलेल्या अक्षरांत आपले गाऱ्हाणे दिसणे हा अनुभव ज्याला पिढ्यान्‌पिढ्या मिळालेला असतो त्याला त्याचे मोल कळत नाही. पाळेकर-पाटलांच्या वाचकाला ते कळले असणार.

पण हेही सांगावयास हवे की यांतील काही पत्रांनी समोरच्या पक्षाकडून फक्त छपाईच उचलली नाही, त्याचा सूरही उचलला. पुण्याची काही पत्रे महाराजांविषयी जी कुत्सित भाषा वापरीत, तिला तितक्याच कुत्सित भाषेत उत्तरे येऊ लागली. शास्त्राचा, हक्काचा, नोकऱ्यांच्या आकड्यांचा प्रश्न मागे पडून आडनावे आणि व्यंगे पुढे आली. १९०१ साली ज्या रीतीने सबंध मराठा जात एका माणसाच्या मागणीत गोवली गेली, त्याच रीतीने आता सबंध ब्राह्मण जात एखाद्या संपादकाच्या लेखात गोवली गेली. दोन्हीकडचा वाचक आपापले पत्र वाचून संतुष्ट होई आणि दुसरे पत्र न वाचताच त्याविषयी संतापत असे. इंग्रज अधिकाऱ्यांना याहून सोयीचे काय असणार?

महाराजांच्या बाजूच्या सर्वांनीच मान डोलावली असेही नाही. १९२० साली त्यांनी ब्राह्मण शंकराचार्यांना पर्याय म्हणून क्षात्रजगद्गुरू नेमला. बेनाडीचे सदाशिवराव पाटील हा उच्चशिक्षित तरुण पाटगावच्या मौनी महाराजांच्या पीठावर बसला. भटजी नको म्हणता म्हणता आपण नवा भटजी निर्माण करीत आहोत, अशा आशयाचा विरोध प्रबोधनकार ठाकऱ्यांसारख्या महाराजांना मानणाऱ्या लेखकाने उघडपणे केला. महाराजांनी तो मनावर घेऊन ठाकऱ्यांशी संबंध तोडला नाही. आपल्याच बाजूच्या संपादकाची टीका सोसणारा संस्थानिक त्या काळात दुर्मीळ होता, आणि आजही तसा पुढारी शोधावाच लागेल.

या सगळ्या कोलाहलात दोन प्रसंग वेगळे उठून दिसतात. पहिला वर्तमानपत्राशिवायचा. राजवाड्याच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचा महार नोकर होता. पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून सवर्ण नोकरांनी त्याला मारले. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले, गंगारामला नोकरीतून मोकळे करून पैसे दिले आणि हॉटेल काढावयास सांगितले. भाऊसिंगजी रस्त्यावर ते निघाले, पण गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा छत्रपतींची गाडी फिरावयास निघाली की तेथे थांबू लागली. महाराज चहा मागवीत, स्वतः पीत आणि बरोबरच्या सरदार-दरकदारांना पाजीत. ज्यांच्या घरी वेदोक्ताच्या हक्कासाठी वाद झडले होते त्यांच्याही ओठांना तो कप लागला. वेदोक्त मिळवून क्षत्रिय झालेल्यांना आपल्या खालच्यांविषयी काय वाटते, ही परीक्षा महाराज त्या फुटपाथवर रोज घेत होते. तिच्यावर अग्रलेख लिहिण्याची गरज नव्हती; संध्याकाळपर्यंत ती गोष्ट गावभर झालेली असे.

दुसरा प्रसंग छापील अक्षराचाच. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात शिकवणारे डॉ. आंबेडकर त्या वेळी जेमतेम अठ्ठावीस वर्षांचे होते. अस्पृश्यांचे स्वतःचे पत्र असावे असे त्यांच्या मनात होते, जवळ पैसा नव्हता. महाराजांनी अडीच हजार रुपये दिले आणि ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ या पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. संपादक म्हणून नाव पांडुरंग भटकरांचे, लेखणी आंबेडकरांची. या पत्राची जाहिरात पैसे देऊनही घेण्यास ‘केसरी’ने नकार दिला, हे धनंजय कीरांनी लिहिलेल्या आंबेडकर-चरित्रामुळे सर्वांना ठाऊक आहे. दोन महिन्यांनी, मार्च १९२० मध्ये, कागल जहागिरीतील माणगावच्या परिषदेत महाराज स्वतः गेले, तरुण आंबेडकर हेच तुमचे पुढारी असे त्यांनी जमलेल्या अस्पृश्य बांधवांना सांगितले, आणि आपल्या डोक्यावरचे नेतृत्वाचे ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवले. ‘मूकनायक’ने कोल्हापूर दरबाराची स्तुती छापावी अशी अट त्या अडीच हजारांमागे नव्हती, आणि आंबेडकरांनी ती पाळलीही नसती. इतर पत्रांना दिलेल्या मदतीत कोठेतरी स्वतःच्या बाजूचा विचार होता. येथे तो नव्हता. ज्यांना वेदोक्ताचा प्रश्नच पडत नव्हता, कारण ते पुराणोक्ताच्याही बाहेर उभे होते, त्यांच्या हाती महाराजांनी छापखाना दिला.

त्या वेळी महाराजांची प्रकृती ढासळू लागली होती. मधुमेहाने शरीर पोखरले होते, दोन वर्षांपूर्वीच धाकटे पुत्र शिवाजी महाराज शिकारीत डुकराचा पाठलाग करताना अपघाताने गेले होते, ते दुःख भरून आले नव्हते. ऑगस्ट १९२० मध्ये लोकमान्य गेले. ६ मे १९२२ रोजी पहाटे मुंबईत खेतवाडीतील पन्हाळा लॉजमध्ये शाहू छत्रपतींचे निधन झाले. वय अठ्ठेचाळीसही पूर्ण नव्हते. मृतदेह कोल्हापुरास आणला तेव्हा रस्त्यांवर पाय ठेवावयास जागा नव्हती. पंचगंगेच्या ज्या घाटावर वीसेक वर्षांपूर्वी मंत्रांवरून गोष्ट सुरू झाली होती त्याच नदीकाठी त्यांच्यावर अग्निसंस्कार झाले. त्या गर्दीत कोणी शाळेत सक्तीने बसवलेली मुले होती, बोर्डिंगातील तरुण होते, पागेतील चाकर होते. त्यांच्यातील फारच थोड्यांनी पुण्याचे ते लेख वाचले असतील.

‘मूकनायक’ फार काळ चालले नाही. वेदोक्ताच्या वादात गाजलेली बहुतेक पत्रेही काळाच्या ओघात बंद पडली, आणि त्यांचे पिवळे अंक आता संशोधकांखेरीज कोणी उघडत नाही. गॅझेटचे जाड खंड मात्र कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहेत, आणि त्यांत २६ जुलै १९०२ चा तो हुकूम आहे.